खड्या मिठाचं कडू पाणी

गेल्या वर्षी भाद्रपदात, एका गुरुवारी सकाळी सव्वादहा वाजता, माझ्या वहिनीने सोयाबीनच्या उकळत्या दुधात अख्खं लिंबू पिळलं. ठिकाण कोडोली, थोरल्या भावाच्या घराची मागची पडवी. चुलीपाशी आम्ही चौघं होतो: वहिनी, दादा, मी आणि माझ्या घरी वरच्या मजल्यावर राहणारा जपानी इंजिनिअर. दूध फाटलं. ते पंच्यात बांधून वर वरवंटा ठेवला. अर्ध्या तासाने पंचा सोडला, तेव्हा आत पांढरा चुरा होता. बोटाने दाबला की रव्यासारखा सुटत होता आणि जिभेला आंबट लागत होता.

पाहुण्याने तो चिमूटभर खाल्ला.

"वैनी, टोफू न्हाय," तो म्हणाला.

"पनीर तर झालं की," दादा म्हणाला.

"पनीर पायजे असतं तर डेअरीतनं आणलं नसतं व्हय? तुमी गप बसा," वहिनी म्हणाली.

चुरा कोंबड्यांना गेला. त्यांनी तो संपवला. रविवार तीन दिवसांवर होता.

रविवारी काय होतं, ते आधी सांगायला हवं.

हा इंजिनिअर जूनमध्ये आला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नवी यंत्रं बसवायची होती आणि त्यासाठी त्याला हिवाळ्यापर्यंत राहायचं होतं. कारखान्याने त्याला हॉटेलात उतरवलं होतं, पण तिथे चूल नव्हती. ओळखीतून विचारणा आली. माझा मुलगा पुण्याला गेल्यापासून माझ्या कोल्हापुरातल्या घराचा वरचा मजला रिकामा होता. मी होकार दिला. तो एक बॅग आणि भात शिजवायचं विजेचं भांडं घेऊन आला. वय चाळिशीच्या आत. चपला दारात इतक्या सरळ काढून ठेवायचा की कामाला येणाऱ्या बाई त्यांच्याकडे बघून स्वतःच्याही सरळ करू लागल्या.

पहिल्याच आठवड्यात कारखान्यातल्या लोकांनी त्याला मानाने मटणाचं ताट खायला नेलं. त्याने भाकरी, कांदा आणि दही खाल्लं. दुसऱ्या दिवशी फिटरपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना ही बातमी कळली होती. कोल्हापुरात येऊन तांबड्या रश्श्याला हात न लावणारा माणूस म्हणून लोक त्याला बघायला यायचे. त्याचं नाव "जपानचा माळकरी" पडलं. त्याला ते कुणीतरी समजावून सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "व्हय की." हे दोन शब्द त्याने सगळ्यात आधी उचलले होते आणि तो ते कुठेही वापरायचा.

मी कारण विचारलं, तेव्हा त्याने इंग्रजीत नीट सांगितलं. त्याचे वडील एका लहान गावातल्या देवळाचे पुजारी. घर देवळाच्या आवारात. घरातलं आणि देवळातलं जेवण एकाच चुलीवर व्हायचं आणि त्यात मातीतून उगवलेलंच काय ते असायचं. मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, दूधही नाही. स्वयंपाक आई करायची. मुलं मोठी होऊन शहरांत गेली. त्याने बाहेर चहा घेतला, दही खाल्लं, पण मांस कधी खावंसं वाटलं नाही. आई रोज सकाळी टोफू स्वतः करायची. घरचे आठ-दहा आणि देवळात येणारे, सगळ्यांना पुरेल इतका.

त्याच्या फळीवर काळसर सोयासॉसची बाटली आणि मिसोचा डबा असायचा. मिसो म्हणजे सोयाबीन, तांदूळ आणि मीठ एकत्र आंबवून महिनोन्‌महिने ठेवलेला लगदा. रंगाला चिंचेच्या कोळासारखा. एका संध्याकाळी त्याने मला त्याचं सूप दिलं. मी वाटी संपवली. दुसऱ्या दिवशी मी ज्वारीची गरम भाकरी वर नेली. त्याने ती ठेच्याऐवजी मिसो लावून खाल्ली आणि मलाही दिली. ते चांगलं लागलं. त्यानंतर आमच्या घरी भाकरी झाली की एक वर जायची आणि मिसोचा एक चमचा खाली यायचा.

सोयाबीन माझा भाऊ पिकवतो, असं मी सहज म्हणाले. त्याने चमचा खाली ठेवला.

"तुम्ही ते कसं खाता?"

"खात नाही. विकतो."

"सगळं?"

"सगळं."

त्याने हेच प्रश्न पुन्हा, त्याच क्रमाने विचारले.

पितृपंधरवडा लागताच एका सुट्टीच्या दिवशी मी त्याला कोडोलीला नेलं. सोयाबीन कमरेला लागत होतं. शेंगा भरल्या होत्या, पण हिरव्या होत्या. दादाने बांधावरून हात फिरवून रान दाखवलं. पाहुणा थेट सरीत उतरला, एक शेंग दाबून बघितली आणि ओरडला. दादाला वाटलं, साप निघाला. तो काठी घेऊन धावला.

पाहुण्याला शेंगा उकडून हव्या होत्या. हिरव्या, आत्ताच्या आत्ता.

"हिरव्या?" दादा म्हणाला. "अवो पावणं, अजून वाळायच्या हायत. हिरव्या कोण तोडतंय?"

"जपान," पाहुणा म्हणाला.

दादाने माझ्याकडे बघितलं. "ए बातमीदार, ह्याला उन्ह लागलं का बघ."

वहिनीने मात्र प्रश्न विचारला नाही. भुईमुगाच्या ओल्या शेंगा उकडतो तशा मिठाच्या पाण्यात तिने त्या उकडल्या. पाहुण्याने दाखवलं: शेंग ओठांशी धरायची, दाणा दाताने आत ओढायचा, साल टाकायचं. पहिली शेंग दादाने औषध घ्यावं तशी घेतली. मग परात स्वतःकडे ओढली. चौघांच्या पुढे सालांचे ढीग झाले.

"एवढी वर्सं ही पेरतोय," दादा म्हणाला. "पोतीच्या पोती घातली. दाणा म्हणून तोंडात टाकला न्हाय कधी."

"म्हशीनं टाकलाय," वहिनी म्हणाली. "तिला ठावं हाय चव. रानात सुटली की पहिली तिकडंच जाती."

त्या दिवशी पाहुण्याला ती वहिनी म्हणून मिळाली आणि तिला तो पावणं म्हणून. माझं काम दुभाष्याचं होतं. ते पहिल्या तासातच निम्मं झालं.

रविवारचा विषय त्याच दिवशी, परतताना एसटीत निघाला. त्या रविवारी त्याच्या आईला जाऊन वर्ष होत होतं. त्याला घरी जायचं होतं, पण यंत्रं सोमवारी सुरू करायची ठरली होती आणि त्याच्याशिवाय ती सुरू होणार नव्हती. वडिलांना त्याने फोनवर सांगितलं होतं: मी इथून आईपुढे टोफू ठेवीन, हाताने केलेला. वडील म्हणाले होते, बरं. टोफू त्याने आयुष्यात कधी केला नव्हता. आईला करताना बघितला होता. दूध गोठवण्यासाठी लागणारा क्षार त्याच्या भावाने पार्सलने पाठवला होता. ते पार्सल मुंबईत येऊन थांबलं होतं. तो रोज सकाळी फोनवर बघायचा. पार्सल मुंबईतच असायचं.

कोल्हापुरात टोफू मिळतो. शहरातल्या एका मोठ्या दुकानातून त्याने पाकीट आणून बघितलं होतं. घट्ट, कोपरे धारदार. त्याने त्याची भाजी केली आणि ती खाल्लीही. "हा चांगला आहे," तो म्हणाला. "पण आईचा हलायचा."

हे सगळं मी रात्री फोनवर वहिनीला सांगितलं. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. ती असं फार क्वचित ऐकते.

"मग ह्यो आईचा म्हाळच की, वन्सं," ती म्हणाली. आमच्याकडे पितृपंधरवड्यातल्या पानाला म्हाळ म्हणतात, आणि तो पंधरवडा सुरू होता. "मग पायजेच. आना त्यांना गुरुवारी. दूध फाडायला मला काय जपानातनं कुणी शिकवाय नको."

गुरुवारी कारखान्याला सुट्टी होती. गुरुवारी काय झालं, ते वर आलं आहे.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता वहिनीचा फोन आला. "त्यो टोफू दिसतो कसा, फोटो धाडा." मी पाहुण्याच्या फोनमधला फोटो पाठवला. काळ्या वाडग्यात पाणी, पाण्यात पांढरा चौकोन. पाच मिनिटांनी पुन्हा फोन.

"अवो, ह्यो तर खरवस!"

"खरवस नाही, वहिनी."

"मला शिकवू नका. असाच थरथरतो. मला जमलं आता." फोन बंद झाला.

शनिवारी सकाळी पावणेआठला ती माझ्या दारात होती. पहिल्या एसटीने आली होती. मांडीवर स्टीलचा डबा धरून, कंडक्टरने दोनदा सांगूनही तो खाली न ठेवता. पाहुणा कामावर निघण्याच्या तयारीत होता. डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं. आत पांढरं, गुळगुळीत, सलग काहीतरी होतं. तिने डब्याला टिचकी मारली. ते हललं.

पाहुणा उभाच राहिला. मग त्याने दोन्ही हात मांड्यांशी नेऊन, कमरेत वाकून वहिनीला नमस्कार केला. वहिनीने घाईने पदर डोक्यावर घेतला.

"हाच," तो इंग्रजीत म्हणाला. "हाच आहे." त्याने फोन काढला. वडिलांना फोटो पाठवायचा होता.

वहिनीने माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे.

"थांबा, पावणं," ती म्हणाली. "वन्सं, त्यांना सांगा. त्यात चीक हाय. आमची म्हस व्यालीय त्याला तिसराच दिस हाय. निम्मं सोयाबीनचं दूध, निम्मा चीक. वाफवून घेतलंय. नुसत्या सोयाबीनचं जमत नव्हतं."

मी सांगितलं. म्हैस नुकतीच व्याली की पहिल्या दिवसांत जे घट्ट दूध येतं त्याला चीक म्हणतात, तो वाफवला की खरवस होतो, हे त्याला समजावून द्यायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याने फोन खिशात ठेवला. चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण थांबलं. तो म्हणाला, की मी हे खाईन, आनंदाने खाईन. पण आईच्या पानात दूध कधी नव्हतं.

"व्हय," वहिनी म्हणाली. "म्हणून तर सांगितलं. देवाच्या पानाला खोटं चालत न्हाय."

तिच्या आवाजात फरक पडला नव्हता. पण ती खुर्चीवर बसली आणि बराच वेळ डब्याचं झाकण हातात फिरवत राहिली. पाहुण्याने स्वतः जाऊन गूळ आणला. किसला. त्या डब्यातला अर्धा भाग त्याने गुळासकट संपवला आणि कामाला अर्धा तास उशिरा गेला. जाताना दारातून वळून म्हणाला, "वैनी, नाद खुळा."

हे त्याला कुणी शिकवलं होतं, याचा पत्ता लागला नाही. वहिनी हसली, ती शेजारच्या घरी ऐकू जाईल इतकी.

"मी आज पुन्यांदा भिजत घालनार हाय," ती मला म्हणाली. "सोडत न्हाय मी."

"पण गोठवणार कशाने?"

"ते बघू."

शनिवारी संध्याकाळी पाहुणा आणि मी कोडोलीला पोचलो, तेव्हा पाच वाजून गेले होते. रविवारी तो तिथेच असणार होता, फोटोपुढचं पानही तिथेच मांडायचं ठरलं होतं. पार्सल मुंबईतच होतं. वहिनीने येताना खडं मीठ आणायला सांगितलं होतं, म्हशीसाठी. म्हणून आम्ही गावातल्या किराणा दुकानात थांबलो. दुकानदार चाचा दादाचे वर्गमित्र. दादा तिथे आधीच बाकावर बसलेला होता आणि गुरुवारचा चुरा, शनिवारचा खरवस, सगळं सांगून झालं होतं.

"या पावणं," चाचा म्हणाले. "तुमचं ऐकलं. दूध फाटतंय, पण गोठत न्हाई म्हनं."

"व्हय की," पाहुणा म्हणाला.

मीठ दुकानाच्या मागच्या भागात होतं. खड्या मिठाचं पोतं दोन विटांवर उभं केलेलं, खाली स्टीलचं पातेलं. पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून मीठ पाझरतं. त्या दिवशीही पोत्याच्या कोपऱ्यातून पातेल्यात थेंब पडत होता.

"घाम गाळतंय," चाचा म्हणाले. "मिरगापासनं चाललंय. पातेलं ठेवलं न्हाई तर फरशी खातंय हे पानी. रोज उचलून मोरीत ओततोय."

पाहुणा खाली बसला. त्याने थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला. तोंड वाकडं झालं. त्याने दुसरा थेंब घेतला.

"कडू," तो म्हणाला.

"कडूच असतंय ते. पिऊ नका."

"कडू!" पाहुणा उठला. त्याने चाचांचे दोन्ही हात धरले. "कडू! कडू!"

"ह्याला काय झालं?" चाचांनी मला विचारलं.

काय झालं, ते पाहुण्याने मला सांगितलं आणि मी त्या दोघांना. मुंबईत अडकलेल्या पार्सलमध्ये जी बाटली होती तिच्यात हेच होतं. समुद्राच्या मिठातून गळणारं कडू पाणी. त्याच्या आजीच्या काळी बाटली मिळत नसे. मिठाची टोपली खुंटीला टांगायची आणि खाली मडकं ठेवायचं. थेंब थेंब जमलेल्या त्या पाण्याने दूध गोठायचं. ती टोपली त्याने लहानपणी माळ्यावर पडलेली बघितली होती. इतक्या दिवसांत त्याला ती आठवली नव्हती.

चाचांनी पातेल्यात डोकावून बघितलं.

"आनि मी हे मोरीत ओततोय," ते म्हणाले. "बाप माझा ओतत आला."

"जपानात दुकान काढ आता," दादा म्हणाला.

"तू पोती उचलायला येनार असलास तर काढतो."

चाचांनी पाणी फडक्यातून तीनदा गाळून काचेच्या बाटलीत भरलं. अर्धी बाटली भरली. घरी वहिनीने ती उजेडात धरून बघितली, पाणी पुन्हा गाळलं आणि उकळून घेतलं. मग सोयाबीन भिजत घातलेल्या पातेल्याशेजारी बाटली ठेवली आणि दोन्हींवर ताट झाकलं.

रविवारी सकाळी साडेपाचला काम सुरू झालं. बातमीदाराच्या सवयीने मी वेळा लिहून ठेवल्या आहेत, त्या तशाच देते.

पाच चाळीस: भिजलेले दाणे मिक्सरमधून बारीक वाटले. मिक्सर दोनदा तापून बंद पडला. सहा दहा: वाटण पाणी घालून पंच्यातून पिळलं. पिळायला दादा. पांढरं दूध पातेल्यात, चोथा परातीत. चोथा म्हशीला न्यायला वहिनी उठली, तेव्हा पाहुण्याने परात धरून ठेवली. त्याच्या आईने चोथा कधी टाकला नव्हता. वहिनीने परात परत घेतली, त्यात ज्वारीचं पीठ, कांदा, तीळ आणि चटणी घातली आणि थालीपिठं थापायला बाजूला ठेवली. म्हशीला कडबा मिळाला.

सहा पंचवीस: दूध चुलीवर. उतू जाऊ लागलं, फेस काढला, जाळ ओढला, मंद ठेवलं. दहा मिनिटांनी उतरवलं. मग पाहुण्याने पिशवीतून कारखान्यातला तापमापक काढला. यंत्रं किती तापली, ते लांबून बघायचं पिस्तुलासारखं उपकरण. त्याने ते पातेल्यावर रोखलं.

"दुधाला गोळी घालतोय," दादा म्हणाला.

पाहुण्याला पंच्याहत्तर अंश हवे होते. आकडा खाली येईपर्यंत तो दर थोड्या वेळाने पिस्तूल रोखत होता आणि आम्ही सगळे आकडा मोठ्याने वाचत होतो. याच सुमारास चाचाही येऊन पडवीच्या पायरीवर बसले. पाणी माझं, म्हणून बघायला आलो, असं त्यांनी सांगितलं.

सहा बावन्न: पंच्याहत्तर. कडू पाणी थोड्या साध्या पाण्यात मिसळलं होतं. ते किती तेज आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. कमी पडलं तर गोठणार नाही, जास्त झालं तर टोफू कडू होणार. पाहुण्याने पळीवरून एक चमचा हळू सोडला, पळी एकदाच फिरवली. काही झालं नाही. दुसरा चमचा. काही झालं नाही. तिसरा.

"आज फाटू दे रं बाबा," वहिनी दुधाला म्हणाली.

चौथ्या चमच्यानंतर पाहुण्याने हात थांबवला. पातेल्याच्या कडेला दूध ढगासारखं जमू लागलं. मग मध्ये. ढगांच्या मधलं पाणी पिवळसर, नितळ झालं. पाहुण्याने झाकण ठेवलं आणि बोटं वर करून सगळ्यांना गप्प केलं. चाचांनी तंबाखू मळायची थांबवली.

सात आठ: झाकण काढलं. वेळूच्या दुरडीत ओला पंचा अंथरून पाहुण्याने ते ढग पळीने अलगद त्यात भरले. वहिनीने सवयीने वरवंटा उचलला. त्याने मान हलवली. तिने वरवंटा ठेवून वाटी उचलली. त्याने पुन्हा मान हलवली. शेवटी ताटलीवर पाण्याचा एक तांब्या ठेवण्यावर दोघांचं एकमत झालं.

सात एकतीस: दुरडी पाण्याने भरलेल्या घमेल्यात उलटी केली. पंचा काढला. पाण्यात दुरडीच्या आकाराचा पांढरा गोल तुकडा होता. काठावर वेळूच्या विणीचे ठसे. वहिनीने घमेल्याला टिचकी मारली.

तो हलला.

पाहुण्याने कडेचा एक कण तोंडात टाकला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"वैनी," तो म्हणाला. "टोफू."

दादाने चाचांच्या पाठीत थाप मारली. चाचा म्हणाले, "मीठ कुनाचं हाय?" वहिनी घरात गेली आणि डोळे पुसून बाहेर आली. धुरामुळे, असं तिने सांगितलं. चूल तोपर्यंत विझली होती.

घराच्या पुढच्या सोप्यात पाट मांडला. पाहुण्याने बॅगेतून तळहाताएवढी चौकट काढली. फोटोत एक बाई पंच्याने हात पुसत हसत होती. त्याने जपान कुठल्या दिशेला, ते विचारलं. दादाने पूर्वेला, शेजाऱ्याच्या गोठ्याकडे बोट केलं. फोटो त्या बाजूला पाठ करून ठेवला, म्हणजे आई तिकडून आली आहे असं दिसेल, असं वहिनीचं म्हणणं होतं. पाहुण्याला ते पटलं. वहिनीच्या माहेरचा, शाहूवाडीकडचा तांदूळ भातासाठी काढला होता. त्या भाताची वाटी, मिसोचं सूप आणि टोफूचा एक चौकोन, त्यावर किसलेलं आलं. त्याशेजारी वहिनीने स्वतःच्या मनाने गवारीची भाजी, चोथ्याचं थालीपीठ आणि खिरीची वाटी ठेवली.

पाहुण्याने खिरीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"नारळाचं दूध हाय," ती म्हणाली. "म्हस पार लांब बांधलीया."

आठ वाजून पाच मिनिटांनी त्याने हात जोडले आणि काही म्हटलं. किती वेळ, ते मी लिहिलेलं नाही. त्यानंतर वहिनीने एका पानावर भात आणि टोफूचा तुकडा घालून ते परसातल्या भिंतीवर ठेवलं, कावळ्यासाठी. साडेआठला पानावर फक्त भात होता. तुकडा कावळ्याने नेला की शेजारच्या मांजराने, याला साक्षीदार नाही. वहिनीचं मत कावळ्याचं आहे.

मग सगळे जेवायला बसले. दादाने टोफूवर आधी कांदा-लसूण चटणी घातली. मग पाहुण्याकडे बघून एक तुकडा चटणीशिवाय खाल्ला आणि पुन्हा चटणीकडे वळला. पाहुण्याने ती मागून घेतली. चाचांनी टोफू तीनदा वाढून घेतला आणि दर वेळी मिठाची आठवण करून दिली. दुरडीतला तुकडा पंधरा मिनिटांत संपला. आईपुढचा चौकोन तेवढा राहिला.

नऊ वाजता पाहुण्याने वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे साडेबारा झाले होते. पडद्यावर एक वृद्ध गृहस्थ आले, चष्मा कपाळावर. पाहुण्याने फोन फिरवून फोटो दाखवला, पान दाखवलं, मग आम्हाला. दादाने हात जोडले. वहिनी दाराआड झाली आणि मग पुन्हा पुढे आली. वृद्धांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, फोन जवळ नेला आणि टोफूकडे बराच वेळ बघितलं. मग त्यांनी एक प्रश्न विचारला.

प्रश्न जपानीत होता. तो काय होता, हे मी संध्याकाळी पाहुण्याकडून पडताळून घेतलं. त्यांनी विचारलं होतं: टोफू कुठल्या दुकानातला?

उत्तर मात्र आम्ही सगळ्यांनी तेव्हाच ऐकलं होतं. ते त्याने मराठीत दिलं.

"घरचं हाय," तो म्हणाला.